कॅशियरबाईंचा पाय

सायरनकाकांच्या गळ्यात सुरक्षेचं काम पडलं, कारण ते कुणालाच नको होतं. वरून फर्मान आलं होतं की प्रत्येक शाखेत कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचा आणि सुरक्षेचा कार्यक्रम राबवायचा, त्यासाठी एक माणूस नेमायचा, आणि त्या माणसाला त्याबद्दल जास्तीचं काहीही मिळणार नाही. हे शेवटचं ऐकलं मात्र, अख्ख्या शाखेच्या माना खाली गेल्या. एकट्या काकांची मान वर होती, कारण ते तेव्हा छताकडे बघत होते. वर पंखा कुरकुरत होता. "हा एखाद्या दिवशी पडणार कुणाच्या तरी टाळक्यात," असं ते आपले स्वतःशीच पुटपुटले, आणि मॅनेजरसाहेब टाळी वाजवून म्हणाले, "बघा, सापडला की आपला माणूस!"

तोवर ते नुसते काका होते. चेकच्या टेबलावर बसायचे, वेळेवर यायचे, वेळेवर जायचे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. घरी मात्र त्यांचा काळजीचा स्वभाव जुनाच. दाराला कुलूप लावून जिना उतरले की अर्ध्यातून परत. "गॅस बंद केलास ना?" बायको वैतागायची. "अहो, मी बंद केला, मग तुम्ही बंद केला. आता काय शेजाऱ्यांना बोलावून एकदा बंद करून घेऊ?" अशा माणसाला सुरक्षेचं खातं मिळणं म्हणजे आधीच उल्हास नव्हे, आधीच उत्साह! काका कामाला लागले.

लोंबत्या वायरी त्यांनी भिंतीला ठोकून घेतल्या. आग विझवायच्या लाल नळकांड्यापुढे वर्षानुवर्षं रचलेली रिकामी खोकी हलवली, तेव्हा तिथे नळकांडं आहे हे निम्म्या लोकांना पहिल्यांदा कळलं. कुणाचा स्क्रीन वर, कुणाची खुर्ची खाली. जेवणाच्या सुट्टीच्या शेवटी मागच्या खोलीत मान आणि पाठ मोकळी करायचा व्यायाम सुरू केला, त्याला बारीक आवाजात संगीतही लावलं. सुरुवातीला चेष्टा झालीच. "काका, हसलं तर जबड्याला काही अपाय नाही ना?" पण पासबुकं छापणाऱ्या पोरीची मान दुखायची खरंच थांबली, आणि मग चेष्टा करणारेच हात वर करून पहिल्या रांगेत उभे राहायला लागले. काकांचा ताठा थोडा वाढला असेल, मी नाही म्हणत नाही. आयुष्यात पहिल्यांदा लोक त्यांना काहीतरी विचारायला येत होते. एवढ्या वर्षांनी मिळालं ते, कुणाला गोड लागणार नाही?

आता कॅशियरबाईंचं सांगतो. बाई ठेंगण्या. कामाला वाघ, पण उंचीच्या नावाने आनंद. गिऱ्हाईक उभं राहतं म्हणून काउंटर उंच, काउंटर उंच म्हणून खुर्ची उंच, आणि त्या उंच खुर्चीवर बाईंचे पाय दिवसभर अधांतरी. संध्याकाळी पाय सुजायचे, चपलेत शिरायचे नाहीत. त्या कधी बोलल्या नाहीत, कारण बोलून काही होतं असा त्यांचा अनुभवच नव्हता. काकांच्या ते लक्षात आलं. त्यांनी सुताराकडून एक तिरका लाकडी पाट करून आणला, स्वतः गुडघ्यांवर बसून काउंटरखाली सरकवला आणि म्हणाले, "ठेवा ताई पाय."

बाईंनी पाय ठेवले आणि डोळेच मिटले. "काका, इतकी वर्षं नोकरी केली इथे, पण पाय आज टेकले."

हे वाक्य काकांनी त्या दिवशी घरी जाऊन बायकोला सांगितलं, जेवताना पुन्हा सांगितलं, आणि झोपताना तिसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा ती म्हणाली, "कळलं हो, टेकले."

आणि इथेच माशी शिंकली. कॅशच्या काउंटरखाली एक बटण असतं, पायाने दाबायचं. कुणी चाकू काढला, पिस्तूल काढलं, अंगावर आलं, तर हात जागेवरून न हलवता पाय दाबायचा. सायरन वाजतो, पहारेकरी धावतो, पोलीस चौकीत घंटा वाजते. बाई उठताना नवा पाट जरासा सरकायचा आणि त्याचा कोपरा नेमका त्या बटणावर बसायचा. झालं! भर गर्दीत सायरन बोंबलायला लागला. गिऱ्हाइकं दाराकडे पळाली, एक म्हातारेबुवा पायरीवर आपटले, पोलीस बंदुका घेऊन आले आणि बाई हातात पाण्याचा ग्लास घेऊन उभ्या. असं पुन्हा झालं. पुन्हाही झालं. तिसऱ्या खेपेला पोलिसांचा साहेब म्हणाला, "पुढच्या वेळी खरे चोर आले तरी आम्ही चहा पिऊनच निघू." काकांचं नाव सायरनकाका पडलं ते तेव्हापासून. मॅनेजरसाहेबांनी त्यांना केबिनमध्ये घेतलं. "काका, हा सायरन पुन्हा वाजला ना, तर मी तुम्हाला वाजवीन. काय करायचं ते करा, कसं केलंत ते मला सांगू नका."

काय करायचं ते सरळ होतं. बटण उचलून दुसऱ्या बाजूला बसवायचं. पण ते काम सायरनवाल्या मिस्त्रीचं, आणि मिस्त्रीचं "उद्या येतो" म्हणजे पत्थर की लकीर, कधी बदलायची नाही. दुसरा उपाय म्हणजे पाट काढून टाकायचा. ते काकांच्याने होईना. बाईंचे पाय पुन्हा सुजणार, हे एक. पण खरं सांगायचं तर त्या पाटाचा फोटो वरच्या ऑफिसात गेला होता आणि तिथून कौतुकाचे दोन शब्द आले होते, हेही होतंच. मग काकांनी तिसरा उपाय केला. सामानाच्या खोलीत सायरनची पेटी होती, ती उघडली आणि कॅश काउंटरच्या बटणाची वायर स्क्रू सैल करून काढून ठेवली. मिस्त्री येईपर्यंत, एवढंच. चार दिवसांचा तर प्रश्न.

बाई त्या दिवशी रजेवर होत्या, मुलीची परीक्षा होती. दुसऱ्या दिवशी आल्या तेव्हा सांगायचं असं काकांनी ठरवलं होतं, देवाशपथ ठरवलं होतं. पण सकाळी त्यांनीच हाक मारली. "काका, बटण नीट केलंत वाटतं! उठले-बसले तरी आता काही नाही. बरं झालं बाई. तुमच्या भरवशावर तर बसते मी या पिंजऱ्यात."

काका म्हणाले, "हं."

या एका "हं"ने सगळा घात केला. तेव्हाच सांगितलं असतं तर बाई फार तर पाट पायाने ढकलून म्हणाल्या असत्या, "मग घेऊन जा हा तुमचा पाट, मला बटण हवं." पण समोरचं माणूस इतक्या मोकळेपणाने हसलेलं, त्याच्या तोंडावर "बटण मेलंय" असं कसं सांगायचं? उगाच घाबरेल, असं काकांनी मनाला समजावलं. आज नाही तर उद्या सांगू. आणि एकदा उद्यावर गेलेली गोष्ट रोज एक दिवस जड होत जाते. मिस्त्री काही आला नाही. काकांनी फोन करणं हळूहळू सोडलं, कारण सगळं शांत होतं, आणि शांत असलेल्या गोष्टीत कोण हात घालतो? दर तिमाहीला सराव व्हायचा, पण तो कोरडा. गिऱ्हाइकं बिथरतात म्हणून सायरनचं मुख्य बटणच आधी बंद ठेवायचे, आणि मग काका डाकू होऊन काउंटरपुढे उभे राहायचे. "हात वर!" म्हणायचे. बाई हात वर करून खाली पाय दाबायच्या, अगदी नेमका, आणि काका म्हणायचे, "शाब्बास ताई!" मेलेल्या बटणावर पाय दाबणाऱ्या बाईला शाब्बासकी देताना पहिल्यांदा त्यांना कसंसंच झालं. दुसऱ्यांदा जरा कमी. वर्षअखेरीला शाखेला "अपघातमुक्त शाखा" म्हणून पाटी मिळाली. मॅनेजरसाहेबांनी ती दारासमोरच लावली.

मग तो दिवस उजाडला. जेवणाची सुट्टी संपत आलेली. मागच्या खोलीत काका हात वर करून उभे, त्यांच्यासमोर सगळी शाखा हात वर करून उभी, संगीत आता मोठ्या आवाजात चालू, काचेचं दार लावून घेतलेलं. पहारेकऱ्याचीही पाठ दुखायची म्हणून काकांनी त्याला मोठ्या प्रेमाने आत बोलावलं होतं. बाहेर एकच काउंटर उघडा, कॅशचा. तिथे एक माणूस आला. मेलेल्या भावाच्या खात्यासाठी तो कितीतरी दिवस खेटे घालत होता, दर वेळी नवा कागद मागितला जात होता. त्यात बाईंचा काय संबंध? काडीचा नाही. पण समोर त्याच होत्या. काचेच्या फटीतून त्याने बाईंचा हात धरला आणि कोपरापर्यंत बाहेर ओढून काउंटरच्या कडेवर पिरगाळला.

मागच्या खोलीत काका म्हणत होते, "आता श्वास सोडा... सावकाश..."

रांगेतली एक म्हातारी काचेच्या दारावर पिशवी आपटायला लागली तेव्हा कुठे संगीत बंद झालं. पहारेकरी धावला, माणसाला खाली पाडलं. बाईंचं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. त्यांना उचलून नेताना त्या एकच बोलत होत्या. "मी दाबलं हो. दाबलं मी. दोनदा दाबलं." कुणी म्हणालं, "हो ताई, हो, शांत व्हा." धक्क्यात माणूस बोलतो तसं बोलत असतील, असंच सगळ्यांना वाटलं. काका खांबाला धरून उभे होते.

सगळे दवाखान्याकडे गेले. शाखा बंद करायला काका मागे राहिले. सामानाच्या खोलीत गेले, पेटी उघडली, वायर जागेवर लावली आणि स्क्रू पिळला. आपण काही लपवतोय असं तेव्हा त्यांच्या मनात होतं का? ते स्वतःला म्हणत होते, निदान आता तरी चालू असायला हवं, उद्या दुसरं कुणी बसेल तिथे. म्हणजे दुरुस्तीच ती! माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याच्याइतका हुशार वकील मिळायचा नाही. स्क्रूड्रायव्हर मात्र पुन्हा पुन्हा खाचेतून निसटत होता.

घरी बायकोला बातमी कळलीच होती. तिने नवऱ्याची बाजू घेतली, दुसरं काय करणार? "तुम्ही का तोंड पाडून बसलात? एवढं शिकवलंत, सराव करून घेतलात, वेळेला बाईला साधा पाय दाबता आला नाही तर तुम्ही काय करणार? पालथ्या घड्यावर पाणी!"

"गप्प बस!" काका असे ओरडले की तिच्या हातातली वाटी खाली पडली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा आवाज तिने ऐकला नव्हता. काका उठून स्वयंपाकघरात गेले आणि बंद असलेला गॅस उगाचच बंद करत बसले.

चौकशीला वरच्या ऑफिसातून एक अधिकारीबाई आल्या. कडक, पण वाईट नव्हे. हाताला प्लास्टर, गळ्यात झोळी अशा कॅशियरबाईंनाही बोलावलं होतं. मॅनेजरसाहेब, काका, पहारेकरी, सगळे काउंटरजवळ उभे. अधिकारीबाईंनी विचारलं, "तुम्ही बटण दाबलंत?"

"दाबलं. दोनदा."

"सायरन वाजला नाही."

"नाही वाजला. पण मी दाबलं." बाईंचा आवाज ठाम होता. दवाखान्यातही त्या हेच सांगत होत्या, घरी मुलीलाही हेच सांगितलं होतं.

"मग वाजवूनच बघू," अधिकारीबाई म्हणाल्या. "तुम्हीच बसा तुमच्या जागेवर. त्या दिवशी दाबलं तसंच दाबा."

काकांनी तोंड उघडलं. तिथे, त्या क्षणी, सगळं त्यांच्या जिभेवर आलं होतं. पण मॅनेजरसाहेबांनी मुख्य बटण चालू असल्याचं बघूनही घेतलं होतं, आणि बाई खुर्चीवर चढून पाटावर पाय ठेवत होत्या. त्यांनी दाबलं.

सायरन असा किंचाळला की बाहेरची कबुतरं उडाली.

मॅनेजरसाहेबांनी तो बंद केला. बाई खाली आपल्या पायाकडे बघत होत्या. मग त्यांनी मान वर केली ती थेट काकांकडे बघत. मॅनेजरकडे नाही, अधिकारीबाईंकडे नाही. "वाजतोय की हो, काका," त्या म्हणाल्या. "म्हणजे माझाच पाय गेला नाही."

आता तरी बोलायचं की नाही? अरे माणसा, आता तरी! पण काका काय बोलले, तर व्याख्यानात बोलायचे तेच. "होतं असं ताई. भीतीने माणसाचे हातपाय गोठतात. त्यात कमीपणा काही नाही." अगदी मायेने बोलले. बाईंनी मान डोलावली आणि गळ्यातली झोळी सारखी केली. त्यानंतर "मी दाबलं" असं त्या पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत.

वायर काढली ती चूक. सांगितलं नाही तो भित्रेपणा. पण हे जे मायेने बोलले ना, ते पाप. काकांनाही ते ठाऊक होतं. त्या दिवसापासून अन्न तोंडात फिरायला लागलं. रस्त्यात कुठे रुग्णवाहिकेचा भोंगा वाजला तरी छातीत धस्स व्हायचं. खाई त्याला खवखवे, दुसरं काय? बायको विचारायची, "दुखतंय का काही?" ते म्हणायचे, "नाही." पुन्हा तोच त्यांचा "नाही", तोच "हं".

वर आणखी चटका असा की मॅनेजरसाहेबांनी त्यांना आसपासच्या शाखांमध्ये व्याख्यानाला पाठवायचं ठरवलं. विषय, संकटात घाबरून गोठू नये. "आपलं ताजं उदाहरण आहेच, काका. नाव घेऊ नका, पण सांगा. लोकांच्या मनावर ठसतं." काका गेले. एका शाखेत उभे राहून सांगितलं, की एक कॅशियरबाई होत्या, बटण पायाखाली होतं, चालू होतं, पण... मागच्या रांगेतून एक तरुण क्लार्क म्हणाला, "एवढंही जमत नसेल तर अशांनी कॅशवर बसूच नये." दोघंतिघं हसले. काकांच्या हातातला खडू मोडला. पोटात दुखतंय असं सांगून ते तसेच खाली उतरले आणि जिन्यात भिंतीला डोकं टेकून उभे राहिले. आपण त्या बाईचा हात मोडू दिला, तो एका माणसाने मोडला. पण तिला मोडणारे आपणच, आणि ते अजून चालू आहे. जिन्यातल्या जिन्यात त्यांना रडू फुटलं.

दुसऱ्याच दिवशी शाखेत कळलं की कॅशियरबाई नोकरी सोडतायत. प्लास्टर निघालं होतं, डॉक्टरांनी कामावर जायला हरकत नाही म्हटलं होतं, पण त्यांनीच कळवलं की माझ्यावर भरवसा ठेवता येत नाही, मी घाबरट आहे, उद्या माझ्यामुळे दुसऱ्या कुणाला इजा झाली तर? मॅनेजरसाहेब हळहळले. "सोन्यासारखी बाई. पण मनाने घेतलं तिने." काकांनी टेबलावरचे चेक तसेच सोडले, कुणाला न विचारता उठले आणि बाहेर पडले. नोकरीत पहिल्यांदाच ते वेळेआधी बाहेर पडत होते.

दार बाईंच्या मुलीने उघडलं. कॉलेजात जाणारी, तरतरीत पोर. काकांना बघून तिला हायसं वाटलं, आणि तेच काकांना जास्त लागलं. "बरं झालं आलात काका. तुमचं ऐकेल ती," ती दारातच हळू आवाजात म्हणाली. "दिवसभर नुसता पाय जमिनीवर दाबत असते. जेवताना, टीव्ही बघताना. झोपेतसुद्धा. मी विचारलं तर म्हणते, सवय करतेय. चूक माझीच. पहिल्या आठवड्यात चिडून बोलले मी तिला, एवढं साधं बटण तुला दाबता आलं नाही का म्हणून." एवढं बोलून ती चहा टाकायला आत गेली.

बाई खिडकीशी खुर्चीवर बसल्या होत्या. मनगट अजून नीट वळत नव्हतं, मांडीवर उताणं ठेवलेलं. काकांना बघून उठायला लागल्या. काका "बसा, बसा" म्हणत स्वतः समोरच्या स्टुलावर टेकले, अगदी कडेला.

"काका, बरे आलात," त्या म्हणाल्या. "तुम्हाला विचारायचंच होतं. तुम्ही एवढ्या लोकांना शिकवलंत. हे जे गोठणं असतं, ते आपल्याला कळत कसं नाही हो? मला अजून आठवतं, तळव्याखाली बटण आत गेलेलं. आता सांगा, हाही भासच म्हणायचा? मग मला माझं दुसरं तरी काय खरं वाटायचं?"

काकांनी येताना रस्ताभर वाक्यं जुळवली होती. मिस्त्रीपासून सुरुवात करायची, पाट, मॅनेजर, पोलीस, मग वायर. एकही आठवलं नाही. ते म्हणाले, "ताई, भास नव्हता तो. तुम्ही दाबलं होतंत. बटण बंद होतं. मी वायर काढून ठेवली होती."

बाईंनी मांडीवरचं मनगट दुसऱ्या हाताने धरलं.

"सायरन उगाच वाजायचा म्हणून काढली. कितीतरी आधी. तुम्हाला सांगितलं नाही. आणि तुमचा हात मोडला त्या संध्याकाळी मीच परत लावली. चौकशीच्या दिवशी ती चालू होती ती त्यामुळे."

आतून कपबश्यांचा आवाज येत होता. बाईंचा श्वास जोरात चालला होता, पण त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "म्हणजे चौकशीत मी दाबलं तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं, की आज वाजणार."

"हो."

"आणि मी तुमच्याकडे बघितलं तेव्हा?"

"तेव्हाही."

"आणि तरी तुम्ही म्हणालात, होतं असं."

काकांनी हात जोडले. "ताई, मला माफ करा. मी उद्या साहेबांना सांगतो, वर कळवतो. नोकरी जाऊ दे, काय व्हायचं ते होऊ दे. पण तुम्ही एकदा..."

"माफीचं मी बघेन कधीतरी," बाई म्हणाल्या. आवाज कोरडा होता, पण चौकशीच्या दिवशी सायरन वाजायच्या आधी होता तेवढाच ठाम. "आज नाही. उद्या दहा वाजता मी येते बँकेत. सगळ्यांसमोर बोलायचं, मी समोर बसणार. आणि त्याच्या आधी इथे." त्यांनी आत हाक मारली, "बाहेर ये गं. चहा राहू दे."

मुलगी हात पुसत बाहेर आली. दोघांचे चेहरे बघून दारातच थबकली.

"हिला सांगा," बाई म्हणाल्या. "मला सांगितलंत तसंच. काही गाळू नका."

दुसऱ्यांदा सांगणं काकांना पहिल्यापेक्षा कितीतरी कठीण गेलं. ही पोर आताच त्यांना "बरं झालं आलात" म्हणाली होती. ते खाली फरशीकडे बघत बोलले. वायर, "हं", संध्याकाळचा स्क्रू, सायरन, आणि ते मायेचं वाक्य, सगळं. पोर आता आपल्याला बोलेल, घराबाहेर काढेल, काढावंच, असं त्यांना वाटत होतं. पण तिने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती आईकडे वळली.

"आई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला. "तू सांगत होतीस. पहिल्या दिवसापासून सांगत होतीस, मी दाबलं म्हणून."

"सांगत होते गं," बाई म्हणाल्या. "कुणी ऐकेना, तेव्हा मीच मला खोटी म्हणायला लागले."